चार टक्के जलद

ईरी हे पेन्सिल्व्हेनियाच्या वायव्य कोपऱ्यातलं गाव. त्याच नावाच्या अवाढव्य सरोवराच्या काठी वसलेलं, हिवाळ्यात बर्फाने भरून जाणारं, रेल्वे इंजिनांच्या कारखान्यासाठी ओळखलं जाणारं. १९६४ साली या गावात गाय पॅटरसन नावाचा एक तरुण वडिलांच्या दुकानात काम करतोय. दुकान विजेच्या वस्तूंचं. टोस्टर, फ्रिज, टीव्ही, रेडिओ. रात्री गिऱ्हाईक गेलं, दारं ओढून घेतली, दिवे मालवले, की गडी तळघरात उतरतो. तिथे त्याचा ड्रमसेट मांडलेला आहे. डेल पॅक्सटन नावाच्या जॅझ पियानोवादकाची तबकडी तो लावतो आणि साथीला बसतो. चेहरा असा, की डेलने खुद्द निरोप धाडून बोलावून घेतलंय.

ना गाय पॅटरसन खरा, ना डेल पॅक्सटन. दोघंही टॉम हँक्सच्या डोक्यातून निघालेले. ‘फिलाडेल्फिया’ आणि ‘फॉरेस्ट गम्प’साठी लागोपाठ दोन वर्षं ऑस्कर घेतल्यावर या माणसाला हवं ते करता आलं असतं. त्याने काय केलं, तर आडगावच्या चार पोरांच्या बँडची गोष्ट लिहिली, पहिल्यांदाच सिनेमाच्या दिग्दर्शनाला हात घातला आणि १९९६ च्या ऑक्टोबरात ‘दॅट थिंग यू डू!’ या नावाने ती पडद्यावर आणली. थिएटरात सिनेमा बेताचाच चालला. मग तो घरोघरच्या कॅसेट प्लेअरमध्ये शिरला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. आमच्याकडेही तो कॅसेटमधूनच आला.

गोष्ट अगदी साधी. गावातल्या एका बँडचा ड्रमर पार्किंगचे मीटर ओलांडत उड्या मारतो आणि हात मोडून घेतो. कॉलेजातली स्पर्धा तोंडावर आलेली. बदली म्हणून गायला बोलावतात. जिमी हा बँडचा गायक, गाणी लिहिणाराही तोच. त्याने एक विरहगीत केलंय, संथ, उसासे टाकणारं. स्पर्धेच्या रात्री गाय काठ्या आपटून चार मात्रा मोजतो त्या भलत्याच वेगाने. विलंबितात बांधलेली चीज तबलजीने थेट द्रुतात उचलावी, तसला प्रकार. जिमी मागे वळून डोळे वटारतो, हळू घे म्हणून खुणावतो. हा काही हळू घेत नाही. आणि समोर बसलेली पोरंपोरी उठून नाचायला लागतात. जिमीला शेवटपर्यंत हे पचत नाही. आपलं दुःख कुणीतरी नाचायला वापरलं, हा त्याचा सल. तो चुकीचा आहे असंही मला वाटत नाही. गाणं त्याचं होतं, वेग दुसऱ्याचा होता.

या वेगाच्या भानगडीत आमचं घरही अडकलेलं आहे.

मिरज हे तंबोऱ्यांचं गाव. सतारमेकर गल्लीतून जाताना कुठल्या ना कुठल्या दुकानात भोपळ्यावर काम चाललेलं असतं आणि कुणीतरी तारा लावत बसलेलं असतं. अशा गावात वाढलेल्या माणसाचे कान जरा फाजील तिखट होतात. आमचा दादा पेटी वाजवायचा. व्हिडिओ लायब्ररीतून ती कॅसेट घरी आली तेव्हा पहिल्या अर्ध्या तासातच तो पेटी घेऊन टीव्हीसमोर बसला. गाणं इतकं सोपं, इतकं गोड, की डाव्या हाताने भाता मारता मारता सहज निघावं. निघेना. एका पट्टीत धरलं तर गाणं किंचित वर, शेजारच्या पट्टीत धरलं तर किंचित खाली. गाण्याचा सा नेमका दोन पट्ट्यांच्या फटीत बसलेला. दादाने अमेरिकन लोकांच्या सुरेलपणाबद्दल एक शेरा मारला आणि पेटीचं झाकण लावलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी न्यू जर्सीची आतेबहीण त्याच सिनेमाची डीव्हीडी घेऊन आली. अमेरिकन डीव्हीडी आपल्याकडच्या प्लेअरवर चालत नसे. त्यांचा विभाग एक, आपला पाच. संगणकाच्या ड्राइव्हला विभाग बदलता येई, पण फक्त पाच वेळा, मग तो कायमचा शेवटच्या विभागात अडकून राही. एवढी किंमत मोजून डिस्क लावली, आणि गाणं सुरू झालं ते मरगळल्यासारखं. सूर उतरलेला, जिमीचा आवाज जाड. वाटलं, संगणकच बिघडला. दादाने पेटी काढली, आणि या वेळी गाणं पहिल्या फटक्यात पट्टीवर येऊन बसलं.

मग उलगडा झाला. सिनेमाच्या रिळावर सेकंदाला २४ चित्रं असतात. आपल्या पाल पद्धतीच्या टीव्हीला सेकंदाला २५ लागत. कॅसेट बनवणारे सोपा मार्ग धरत: सबंध सिनेमाच तेवढा जलद पळवायचा. चोवीसचे पंचवीस, म्हणजे चार टक्क्यांच्या जरा वर. १०८ मिनिटांचा सिनेमा १०४ मिनिटांच्या आत आटपतो. चालणं, बोलणं, मिठ्या, भांडणं, सगळं चार टक्के घाईत, आणि डोळ्यांना पत्ता लागत नाही. आवाजाची पट्टी मात्र चढते. पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत जेवढं अंतर, त्याच्या साधारण दोन तृतीयांश. अमेरिकेतली पद्धत वेगळी. तिथे काही चित्रं जास्त वेळ रेंगाळवून हिशेब जुळवतात आणि वेग जवळजवळ आहे तोच राहतो.

म्हणजे ईरीच्या पोराने गाणं जलद केलं, ते हँक्सने पडद्यावर आणलं, आणि मिरजेत पोहोचेपर्यंत कुठल्याशा यंत्राने त्यात आणखी चार टक्के घातले. आम्ही ज्याला गाणं म्हणत होतो ते गायच्याही एक पाऊल पुढे गेलेलं होतं. खरं कुठलं, हे मला कळतं. आवडतं कुठलं, ते मात्र बदललेलं नाही.

असा बँड आपल्या गावात का निघाला नाही, हा प्रश्न कॅसेट बघताना दरवेळी पडायचा. पोरं आपल्याकडेही होती, गिटारी होत्या, गणपतीत ऑर्केस्ट्रा तर गल्लोगल्ली वाजायचा. कोंगो-बोंगोवाला, पुढे ऑक्टोपॅडवाला, किशोरकुमारचा आवाज काढणारा एक, लताबाईंची गाणी म्हणणारी एक. वाजवायला एकेक जण तय्यार. पण वाजवायची ती दुसऱ्याचीच गाणी. सिनेमातला बँड स्वतःचं गाणं एका चर्चमध्ये रेकॉर्ड करतो, कारण गायचा काका चर्चच्या संगीताची ध्वनिमुद्रणं करतो. त्याच्या छोट्या तबकड्या निघतात, विमानतळाजवळच्या स्पॅगेटीच्या हॉटेलात वाजवता वाजवता ही मंडळी त्या विकतात, आणि त्यातली एक गावच्या रेडिओवर लागते. मेख इथेच आहे. अमेरिकेत शहरोशहरी खासगी रेडिओ स्टेशनं होती. तिथला निवेदक गावच्या पोरांची तबकडी लावू शकत असे, लोकांना आवडली तर शेजारच्या शहराचं स्टेशन ती उचले, मग मोठी कंपनी विचारपूस करत येई.

आपल्याकडे रेडिओ सरकारचा. पन्नासच्या दशकात बाळकृष्ण केसकर या आपल्याच पुणेकर मंत्र्यांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीताला जवळजवळ हद्दपार केलं, तेव्हा लोक उठून रेडिओ सिलोनकडे गेले. १९५७ मध्ये विविध भारती आली आणि सिनेसंगीत परतलं. या ओढाताणीत शास्त्रीय होतं, सिनेमाचं होतं, भावगीत होतं. मिरजेच्या चार पोरांनी स्वतः रचलेलं गाणं मिरजेतच ऐकू येण्याची सोय मात्र कुठे नव्हती. मुंबईत काही इंग्रजी गाणारे बँड झाले, ‘सिमला’ सिगारेटवाल्यांनी स्पर्धा भरवल्या, १९७० आणि १९७१ च्या त्यांच्या तबकड्या आज हौशी लोक शोधत फिरतात. ते लोण घाटावर चढलं नाही.

म्हणून तो रेडिओचा प्रसंग मला अजून पुरत नाही.

फे ही जिमीची मैत्रीण. लिव्ह टायलरने ती केलीय आणि सबंध सिनेमाभर तिचा चेहरा असा, की पुढच्या क्षणाला काहीतरी छान घडणार याची तिला खात्री आहे. ती रस्त्याने चाललीय, कानात छोट्या ट्रान्झिस्टरचा इअरफोन. आपल्याला आधी काहीच कळत नाही. ती थांबते. डोळे मोठे होतात. मग एक किंकाळी, आणि ती धावत सुटते. वाटेत बेस वाजवणारा पोरगा भेटतो, तोही धावतो. दोघं पॅटरसनच्या दुकानात घुसतात. विकायला मांडलेले रेडिओ खटाखट लावले जातात आणि प्रत्येकातून तेच गाणं. बाकीचेही येऊन धडकतात. मग त्या फ्रिजांच्या आणि वॉशिंग मशीनांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ही पोरं उड्या मारतात, ओरडतात, एकमेकांना मिठ्या मारतात. कुणीही काही अर्थपूर्ण बोलत नाही. गाणं तर आपण तोवर इतक्यांदा ऐकलेलं असतं, की कंटाळा यायला हवा. येत नाही, कारण या वेळी ते त्यांच्याकडे बाहेरून चालत आलेलं आहे. आपण वाजवलेलं गाणं आणि आपल्याला ऐकू आलेलं गाणं यांत केवढा फरक असतो, तो या एका प्रसंगात उड्या मारताना दिसतो.

यातली गंमत अशी, की हा प्रसंग सगळा पहिलेपणाचा आहे. पुन्हा असं होणार नाही, हे त्या पोरांना ठाऊक नाही, आपल्याला आहे. आणि आपण काय करतो, तर रिमोट उचलून तोच प्रसंग मागे नेतो. लायब्ररीच्या कॅसेटवर ती जागा ओळखू यायची. दुकानाच्या दारापाशी चित्र थरथरायचं, खालच्या कडेला पांढऱ्या मुंग्या चढायच्या. टेप तिथे झिजली होती. म्हणजे आमच्याआधी कॅसेट नेणाऱ्या लोकांनीही तीच जागा मागे-पुढे केलेली असणार. मिरजेत अशी आणखी कोण मंडळी होती, कळायला मार्ग नव्हता. लायब्ररीवाला फक्त एवढंच बघायचा, की कॅसेट पूर्ण रिवाइंड करून दिलीय की नाही.

पुढचा भाग मी भराभर सांगते, सिनेमाही तो भराभर सांगतो. पिट्सबर्गच्या कार्यक्रमात फजिती होते. त्याच सुमारास प्लेटोन या बड्या कंपनीचा मिस्टर व्हाइट हजर होतो, आणि ही भूमिका खुद्द हँक्सची. इथे आपण सावध होतो. कंपनीचा माणूस म्हणजे पोरांना लुबाडणार, दारूची चटक लावणार, कागदावर सह्या घेऊन बुडवणार. तसं काही होत नाही. व्हाइट शिस्तीचा आहे, कपड्यांबद्दल चोखंदळ आहे, गायला काळा चष्मा घालायला लावतो, आणि मुख्य म्हणजे त्याने हे सगळं आधी पाहिलेलं आहे. एका गाण्यापुरते चमकून जाणारे बँड किती येतात-जातात, हे त्याला पाठ आहे. म्हणून तो चिडत नाही. राज्याराज्यांतल्या जत्रा, मग हॉलिवूड, समुद्रकिनाऱ्यावरच्या भंपक सिनेमात एक गाणं, शेवटी टीव्हीचा मोठा कार्यक्रम. टीव्हीवर प्रत्येकाच्या चेहऱ्याखाली नाव झळकतं आणि जिमीच्या नावाखाली मुलींसाठी इशारा, की याचं लग्न ठरलंय. फेला आनंद होतो. जिमीला राग येतो. तिथून उसवायला सुरुवात होते आणि बघता बघता बँड संपतो. गिटारवाला लेनी एका पोरीबरोबर लास वेगासला पळतो, जिमी स्टुडिओतच राजीनामा गाऊन दाखवतो.

टीकाकारांनी तेव्हा म्हटलं असेल, की हे फारच गोड आहे. १९६४ ची अमेरिका इतकी निर्मळ नव्हती हे खरंच. केनेडींच्या खुनाला वर्ष व्हायचं होतं, व्हिएतनाम उंबऱ्यावर होतं. त्याच फेब्रुवारीत बीटल्स एड सलिव्हनच्या कार्यक्रमात वाजवून गेले आणि सात कोटींवर लोकांनी ते पाहिलं. गावोगावच्या पोरांनी केस वाढवले ते त्यानंतर. सिनेमा यातल्या कशावर थांबत नाही. शिवाय त्यातलं ईरी हे ईरी नाहीच, कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज गावाच्या जुन्या पेठेत ते उभं केलंय, म्हणून तिथे ऊन जरा जास्तच चकचकीत आहे. मला हा गोडपणा खटकत नाही, कारण बँड मोडतो तेव्हा हँक्स कुणाच्याही डोक्यावर खापर फोडत नाही. अपयशाचं संगीत वाजत नाही. एक गाणं झालं, ते लोकांना आवडलं, पोरं आपापल्या वाटेने गेली. गायला हॉलिवूडच्या मुक्कामात त्याचा डेल पॅक्सटन भेटतो, दोघं स्टुडिओत बसून वाजवतात, आणि तळघरातल्या तबकडीच्या साथीला बसणारा पोरगा त्या तबकडीवाल्याच्याच साथीला बसलेला असतो. बँड मोडला नसता तर हे झालं नसतं.

या सगळ्याचा भार पेलतं ते पावणेतीन मिनिटांचं गाणं. ते ॲडम श्लेसिंजरने लिहिलं. ‘फाउंटन्स ऑफ वेन’ या बँडचा हा माणूस, तेव्हा तिशीही न गाठलेला. १९६४ साली तर जन्मलाही नव्हता. काम विचित्र होतं. बीटल्सच्या लाटेत एखाद्या हौशी बँडने केलं असतं असं गाणं हवं, फार हुशार नको, आणि सिनेमाभर पुन:पुन्हा वाजूनही विटता कामा नये. पडद्यावर जिमी झालेला जोनाथन शेक ओठ हलवतो, आवाज माइक व्हायोलाचा. आपल्याला यात नवल नाही. पार्श्वगायकाला आपण नटाइतकंच ओळखतो, कधी कधी जास्तच. तिथे मात्र तबकडी निघाली ती सिनेमातल्या काल्पनिक बँडच्या नावावर. खऱ्या बिलबोर्डच्या यादीत ती ४१ व्या क्रमांकापर्यंत चढली. चाळिसाच्या आत येण्यासाठी एक पायरी कमी पडली. ऑस्करचं नामांकन मिळालं, बक्षीस ‘एव्हिटा’मधल्या गाण्याला गेलं. सिनेमा आल्यावर दोन वर्षांनी हँक्स आणि त्याचा भागीदार गॅरी गोएट्झमन यांनी खरीच कंपनी काढली आणि तिला नाव दिलं प्लेटोन. ती अजून चालू आहे.

१ एप्रिल २०२० ला श्लेसिंजर कोविडने गेला. ५२ वर्षांचा होता. त्याच महिन्यात सिनेमातली ती चार पोरं, तेव्हा चाळिशी-पन्नाशीतली, आपापल्या घरात कॅमेऱ्यासमोर बसली आणि त्यांनी जगभरच्या लोकांबरोबर सिनेमा पुन्हा पाहिला. अडचणीत आलेल्या संगीतकारांसाठी मदत गोळा करायची, हे निमित्त. टाळेबंदी होती, दुसरीकडे कुठे बघणार? हा सिनेमा पहिल्यापासून घरात बसून बघणाऱ्यांचाच होता, आता त्याचे नटही त्यांच्यात येऊन बसले.

राहता राहिली लांब आवृत्ती. २००७ साली डीव्हीडीवर ती आली, सुमारे चाळीस मिनिटं जादा घेऊन. आतेबहिणीने आणलेली हीच. तिच्यात गाय आणि त्याची पहिली मैत्रीण टीना यांचं जास्त आहे (ही टीना म्हणजे तेव्हा कुणाला ठाऊक नसलेली चार्लीझ थेरॉन). मिस्टर व्हाइटला एक पुरुष सोबती आहे, आणि त्याचा एकटा, नीटनेटका स्वभाव त्यामुळे वेगळाच कळतो. ही माहिती मला मोलाची वाटली. तरी सबंध लांब आवृत्ती बघताना सारखं वाटत राहिलं, की कुणीतरी जिमीचं ऐकलं. गाणं पुन्हा संथ केलं. प्रत्येक प्रसंगाला मागचं-पुढचं जोडलंय, प्रत्येकाला कारण दिलंय, आणि पोरं धावायची ती चालायला लागलीत. पहिल्यांदा बघणाऱ्याने १०८ मिनिटांचीच आवृत्ती बघावी. लांबी नंतर, हौस असेल तर.

आणि बघताना बेस वाजवणाऱ्यावर नजर ठेवावी. ईथन एम्ब्रीने तो केलाय. त्याला सिनेमात नाव नाही, श्रेयनामावलीत तो नुसता टी. बी. प्लेअर. त्याचं मत कुणी विचारत नाही, तरी चौकटीच्या कडेला त्याचा काहीतरी उद्योग सतत चालू असतो. बँड मोडायच्या थोडं आधी तो मरीन सैनिकांबरोबर डिस्नेलँड बघायला निघून जातो, कारण त्याला स्वतःलाच सैन्यात भरती व्हायचंय. शेवटी पडद्यावर चौघांचं पुढे काय झालं ते येतं. हा व्हिएतनाममधल्या खे सान्हच्या वेढ्यात जखमी झाला, त्याला पर्पल हार्ट पदक मिळालं, आणि आता तो फ्लोरिडात ऑरलँडोला घरं बांधतो.